ठिणगी पडतेय का?

ए सेहो, ते कटर आधी खाली ठेव. ठेव म्हणतो ना. त्या राखाडी गाडीच्या बॉनेटखाली आज कुणी काही कापायचं नाही. तू काय कापायला निघालायस ते मला माहीत आहे, आणि ते तिथे शोभत नाही हेही मला दिसतं. डोळे अजून शाबूत आहेत माझे. गारम, शटर अर्धं खाली ओढ, स्टोव्हवर चहाची किटली चढव, आणि बसा दोघं. आधी ऐका. मग कापावंसं वाटलं तर खुशाल काप, मी अडवणार नाही.

मघाशी तू स्कॅनर घेऊन तिच्याभोवती चकरा मारत होतास, जोडायला जागा सापडेना, आणि वर मलाच म्हणालास, "काका, ही भंगारात का देत नाहीत?" तेव्हाच तुला एक ठेवून देणार होतो. अठ्ठ्याऐंशी सालची गाडी आहे ती. तुझ्यापेक्षा वयानं मोठी, आणि तुझ्यापेक्षा कमी वेळा आजारी पडलेली. तिचा कोड बिड काही येत नसतो. तिला विचारावं लागतं, आणि ती सांगेपर्यंत थांबावं लागतं. हे थांबणंच तुम्हा पोरांना जमत नाही.

तर ही गोष्ट माझी नाही. माझा भागीदार पांग मानहो, त्याच्यावर बेतलेली. आता तो मुलीकडे बुसानला असतो. पटलं नाही तर फोन लावा, नंबर देतो. पण एक सांगतो, मानहोला खोटं बोलता येत नसे. गिऱ्हाइकाला "उद्या नक्की देतो" एवढंसुद्धा त्याला जमायचं नाही, ते मलाच बोलावं लागायचं. त्या रात्री दोन वाजता त्यानं माझं दार वाजवलं आणि हे सगळं सांगितलं. दारूचा थेंबही प्यायलेला नव्हता. मी ओतून दिली, तरी त्यानं घेतली नाही.

गाडी सुनदोककाकूची. खिंडीच्या पायथ्याला, सोटगोलमध्ये, सुक्या म्योंगते माशाच्या सूपची जिची खानावळ आहे तीच. तेव्हा एकोणऐंशीची होती. ह्या भागात लायसन काढणारी पहिली बाई. गाडी नवऱ्यानं घेतली, पण चालवली कायम हिनं. तो बिचारा शेजारी बसून पेंगायचा. नवरा गेला, आणि त्याच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या रात्री गाडी नुलमोक खिंडीत बंद पडली.

श्राद्ध मध्यरात्री, थोरल्या मुलाकडे, खिंडीपलीकडे सोकचोत. तेग्यू त्याचं नाव, कचेरीत काम करतो. सून नोकरीवाली, म्हणून स्वयंपाक काकूच करून न्यायची. खानावळ आवरायची, डबे भरायचे, आणि जुन्या रस्त्यानं खिंड चढायची. बोगदा झाल्यापासून त्या खिंडीत कुत्रं फिरकत नाही, पण हिला बोगद्यातला वेग नको असतो. तर त्या पहिल्या वर्षी गाडी वरच्या वळणावर, जिथे तुटकी कठड्याची भिंत आहे ना, तिथे बंद पडली. दहा-बारा मिनिटांनी आपोआप सुरू झाली. नंतर थंडीच्या आधीच्या त्या दिवसांत चार वेळा तसंच. तेच वळण, तेच दहा मिनिटं.

ते वळण म्हणजे म्योंगतेवाल्याचं वळण. तुम्हाला माहीत नाही? मी लष्करात होतो त्या वर्षीची गोष्ट. एक ट्रकवाला सोकचोहून तीनचाकी ट्रकमध्ये ओले म्योंगते भरून खिंड चढत होता. नोव्हेंबरची अखेर, दाट धुकं. त्या वळणावर ट्रक बंद पडला. पहाटे थंडी अशी उतरली की विचारू नका. सकाळी लोकांना तो सापडला तो बॉनेटशी उभाच, वाकलेला. एका हातात कार्बोरेटरचा काढलेला जेट, दुसऱ्यात स्क्रू ड्रायव्हर. बोटं त्याला चिकटून गोठलेली. जेटचं पेट्रोलचं भोक अगदी स्वच्छ होतं. जेट परत बसवून एका मुलानं केबिनमध्ये चढून सेल्फ मारला... आणि पहिल्या फटक्यात ट्रक सुरू झाला.

तेव्हापासून सगळे सांगतात. त्या वळणावर गाडी बंद पडली तर बॉनेट उघडायचं नाही. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही.

मानहो हसायचा ह्यावर. "भूत कसलं, आळशी मिस्त्र्यांनी उठवलेली आवई आहे," म्हणायचा. "जिथे निदान जमत नाही तिथे हे लोक भूत बसवतात."

आणि निदान खरंच कुणाला जमत नव्हतं. चार गॅरेजं झाली. एकानं पेट्रोलचा पंप बदलला. दुसऱ्यानं कॉईल. तिसऱ्यानं प्लग, वायरी, सगळंच. गाडी आपली गॅरेजमध्ये दोन-दोन तास गुरगुरत उभी, एक ठोका चुकायची नाही. मग तेग्यू सुरू झाला. "आई, गाडी ठीक आहे. तूच चोक विसरतेस. वय झालंय आता. लायसन ठाण्यात जमा कर." दर फोनला तेच. आणि काकू काही ऐकून घेईल का? एकदा तर खानावळीत भर गर्दीत ओरडली फोनवर, "तुला शाळेत नेऊन सोडताना माझं वय नव्हतं झालं! मी विसरते म्हणे! तुला मोजे घालायला विसरले होते का कधी?"

पण आतून ती हादरली होती. मानहोला म्हणाली, "मानहो, गाडी गेली तर मी सोटगोलमध्ये बसून राहणार. कुणी आणलं तर खाणार, कुणी नेलं तर जाणार. ते जगणं मला नको. तू बघ एकदा. आणि माझीच चूक असेल तर तेही तोंडावर सांग."

मानहोनं काय केलं माहीत आहे? पाना हातात घेतलाच नाही. वही घेतली. कधी बंद पडते ते विचारत गेला. उन्हाळ्यात? नाही. भर थंडीत, बर्फात? नाही. पावसात? नाही. फक्त धुक्यात, गारवा असताना, पण गोठण्याइतका नाही. वीस मिनिटं चढ चढल्यावर. आणि दहा मिनिटं उभी राहिली की पुन्हा ठणठणीत. मग एके दिवशी सकाळी सातला, धुकं असताना, तो काकूच्या शेजारी बसून निघाला. त्या वळणाच्या अलीकडेच, खिंडीच्या अर्ध्यावर गाडी धापा टाकायला लागली, बंद पडली. त्यानं उडी मारून एअर फिल्टर उघडला आणि टॉर्च आत मारली. कार्बोरेटरच्या घशात पांढरं कवच धरलं होतं. बर्फ! ओल्या हवेत पेट्रोल उडताना आत इतकं थंड होतं की धुकं तिथेच गोठतं, आणि गाडीचा श्वास कोंडतो. दहा मिनिटांत इंजिनाच्या उबेनं ते वितळून जातं. मागे पुरावा राहतच नाही. चार मिस्त्री काय शोधणार, कपाळ?

पण गाडी बनवणारे काही वेडे नव्हते. असं होऊ नये म्हणून एक्झॉस्टवरची गरम हवा एअर फिल्टरकडे नेणारा जाड पाईप असतो. मनगटाएवढा. तो कुठे गेला? मानहोनं वाकून पाहिलं, तर पाईपाच्या जागी मासा!

हसू नका. तुमच्या घरच्या गाडीत नाही का? नवीन गाडीची पूजा केली की सुका म्योंगते पांढऱ्या दोऱ्यानं गुंडाळून बॉनेटखाली बांधतात. त्याचे डोळे कधी मिटत नाहीत, तो वाटेवर लक्ष ठेवतो. काकूचा नवरा दर दोन-तीन वर्षांनी मासा बदलायचा, आणि मुद्दाम बोटभर लहान मासा निवडायचा. तो गेल्यावर नव्या वर्षाला तेग्यूनं स्वतः मासा आणला, दुकानातला सगळ्यात मोठा, हातभर लांब. तो बसेना. मग साहेबांनी तो "फालतू" पाईप उपटून काढला आणि मासा कोंबला! आणि चारही गॅरेजवाल्यांनी पूजेचा मासा म्हणून त्याला हात लावला नाही. त्याच्या आजूबाजूनं सगळं खोललं, पुसलं, बदललं, आणि मासा जिथल्या तिथे ठेवला. अशी आपली मिस्त्र्यांची जात आहे, पोरांनो.

काकूनं हे ऐकलं आणि खानावळीतल्या पाटावर बसून इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. मग फोन उचलला. "तेग्यू, श्राद्धाच्या रात्री मी खिंडीतूनच येणार. रात्री बाराच्या आत तुझ्या दारात उभी राहिले, तर लायसनचा विषय जन्मात काढायचा नाही. गाडी वाटेत मेली तर किल्ली तुझ्या हातात देईन."

तेग्यूही तिचाच मुलगा. म्हणाला, "कबूल. पण तो मिस्त्री शेजारी बसून वाटेत दुरुस्ती करणार असेल तर त्याला अर्थ नाही. बॉनेट उघडलं की तू हरलीस."

आता नीट ऐका. ऑक्टोबरची सव्वीस तारीख, बुधवार. नऊ वर्षं झाली. तेग्यू दुपारी आला तेव्हा मानहो नुकताच पाईप बसवत होता. जुन्या गाडीचा पाईप कुठे मिळायचा? त्यानं पाणी तापवायच्या बंबाची पत्र्याची लवचिक नळी कापून बसवली होती. वरच्या टोकाला पक्की क्लिप. खालच्या टोकाला, एक्झॉस्टकडे, हाताशी क्लिप नव्हती म्हणून तात्पुरती प्लास्टिकची पट्टी आवळली होती. क्लिप आणायला तो आत गेला. परत येतो तर तेग्यूनं बॉनेट लावून पुढच्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवलेली, आणि दोन्ही टोकांवर स्वतःच्या नावाचा लाल शिक्का मारलेला! कचेरीतली सवय, दुसरं काय.

मानहोनं तोंड उघडलं... आणि मिटलं. तेवढ्यासाठी शिक्का काढायला सांगितलं असतं तर तेग्यू म्हणाला असता, बघ आई, तुझा मिस्त्रीच अर्धवट. प्लास्टिक एक रात्र टिकेल असं त्यानं स्वतःला समजावलं. एक्झॉस्टवर प्लास्टिक! तीस वर्षं मुरलेला मिस्त्री तो. पण माणसाला लाज वाटते ना, तेव्हा अक्कल गहाण पडते.

रात्री दहा वाजून चाळीस मिनिटांनी निघाले. काकू स्टिअरिंगला, मानहो शेजारी, मांडीवर सूपचं गरम पातेलं. मागच्या सीटवर भाताचा डबा, पिठात घोळून तळलेले काप, पर्सिमनची फळं, खजूर, सगळं नवऱ्याच्या आवडीचं. काढलेला मासा काकूनं वर्तमानपत्रात गुंडाळून खानावळीत ठेवला होता. "त्यानं खूप लक्ष ठेवलं, आता आराम करू दे," म्हणाली.

धुकं होतं. बाहेर चार अंश. गाडी मात्र लोण्यासारखी चालली होती. अर्धी खिंड झाली. काकू खुशीत, "ऐक, ऐक, आवाज ऐक! हिला मोडीत काढणार होता म्हणे!" मानहो पण हसला.

मग त्याला वास आला. जळक्या प्लास्टिकचा.

बॉनेटखाली काहीतरी टप् करून पडलं.

पट्टी गेली, हे त्याला कळलं. दोन वळणं गेली. तिसरं गेलं. गाडीनं एक आचका दिला. मग दुसरा. काकूनं गिअर खाली घेतला. "चल गं," म्हणाली, "चल बाई, एवढंच वळण."

तुटकी भिंत दिसली. आणि गाडी मेली.

अकरा वाजून नऊ मिनिटं.

काकूनं हँडब्रेक ओढला. मानहोकडे वळली. तिला काही विचारावंच लागलं नाही, त्याचं तोंड बघूनच कळलं. त्यानं सगळं सांगून टाकलं, प्लास्टिकचं, क्लिपचं, लाजेचं. तिनं घड्याळ पाहिलं. मग म्हणाली, "दहा मिनिटांत बर्फ वितळेल ना?"

"वितळेल. पण पाईप सुटलाय. सुरू झाली तरी पुढच्या चढावर पुन्हा गोठेल. शिखर अजून दोन किलोमीटर आहे. काकू, मला दोन मिनिटं बॉनेट..."

"नाही."

"अहो, शिक्का अलगद सोडवतो, तेग्यूला कळणार नाही..."

"मला कळेल ना," ती म्हणाली. "गप बस. थांबायचं."

थांबले. काचांवर वाफ धरली. इंजिन निवताना टिक टिक वाजतं ना, तेवढाच आवाज.

टिक... टिक...

मग तेही थांबलं.

ठक.

बॉनेटवर. मानहोला वाटलं, झाडावरून थेंब पडला.

ठक... ठक.

थेंब नव्हता. तो आवाज त्याच्या ओळखीचा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं टपटपल्यासारखा. कार्बोरेटरमधला फ्लोट अडकला की आपण वरून ठोकतो ना, तसा.

समोर दिव्यांच्या उजेडात फक्त धुकं. माणूस नाही. सावली नाही. पण बॉनेट... किंचित खाली दबलं. कुणी कोपर टेकून वाकावं, तसं.

गाडीत वास आला. ओल्या मासळीचा. खारा.

मानहो पातेल्याचे कान धरून बसला होता, हात भाजत होते, सोडवेना.

त्याच्या बाजूच्या काचेशी कुणीतरी बोललं. हळू. थकलेला आवाज.

"पेट्रोल येतंय का?"

मानहोनं डोळे मिटले. उत्तर द्यायचं नाही. उत्तर द्यायचं नाही...

"येतंय," काकू म्हणाली.

त्यानं तिचा दंड धरला. तिनं झटकला.

"...ठिणगी पडतेय का?"

"पडतेय."

"मग..." आवाज आता काचेला चिकटून. "मग बंद का पडते?"

मानहो मला म्हणाला, त्या प्रश्नात राग नव्हता. त्यामुळेच जास्त भीती वाटली. चाळीस वर्षं एकच प्रश्न विचारून विचारून झिजलेला आवाज होता तो.

काकूनं मानहोच्या बरगडीत कोपर मारलं. "सांग की! मिस्त्री ना तू?"

बोलला तो. कसं बोलला देव जाणे. "बर्फ," म्हणाला. "आत... घशात बर्फ धरतो. धुक्यानं. जेट स्वच्छ असतो. पेट्रोल येतं. ठिणगी पडते. श्वास कोंडतो फक्त."

"...मी जेट काढला होता."

"जेटचा दोष नव्हता."

"सात वेळा काढला."

"दोष नव्हता हो जेटचा!" मानहोचा आवाज फुटला. "तुमची काही चूक नव्हती. आत केबिनमध्ये बसून... दहा मिनिटं... नुसतं थांबायचं होतं."

"...नुसतं?"

मानहो सांगतो, बाहेर तेव्हा जे ऐकू आलं त्याला तो हसणंही म्हणणार नाही, रडणंही म्हणणार नाही.

आणि मग...

"बॉनेट उघडा."

कुणी हललं नाही.

"बघू दे मला. उघडा."

बॉनेटचा खटका आत असतो, ड्रायव्हरच्या गुडघ्याशी. मानहोचं लक्ष तिकडे गेलं. खटका हलत होता. कुणाचाही हात नसताना. हळूहळू... मागे... एक बोटभर... तार ताणली गेली.

काकूनं बुटासकट पाय उचलला आणि खटक्यावर दाणकन रोवला.

"हात काढ!" ती ओरडली. खिंड घुमली म्हणे. "हात काढ माझ्या गाडीवरून! विचारलंस, उत्तर दिलं. आता बॉनेट मागतोस? त्यावर माझ्या मुलाचा शिक्का आहे, त्यावर माझं आयुष्य आहे! तू इथे चाळीस वर्षं अडून बसलास म्हणून मी पण बसू? ह्या खिंडीत ना? मी नाही बसणार! नवरा तिकडे उपाशी वाट बघतोय, त्याचं सूप निवतंय, आणि हा मला बॉनेट उघड म्हणतो! हो बाजूला!"

धुकं तसंच. वास तसाच.

खटका अजून ओढ घेत होता.

मग तिचा आवाज उतरला. "कुणी करतं का रे तुझं श्राद्ध?"

...

"वाटलंच."

बूट न हलवता तिनं मागे हात घातला, डबा ओढला, झाकण उघडलं. नवऱ्याच्या आधी त्या भाताला कुणी हात लावायचा नसतो. तिनं लावला. "पाहुण्याआधी तो कधी जेवला नाही, काही म्हणायचा नाही," एवढंच पुटपुटली. काच दोन बोटं खाली केली. चमचाभर भात बाहेर फेकला. "गोसुरे!" मग सूपचं पळीभर पाणी. मग एक काप. शेतात, डोंगरात पहिला घास ज्यांचं कुणी नाही त्यांना "गोसुरे" म्हणत टाकतो, तसा.

"खा," म्हणाली. "आणि तुझ्या वाटेला लाग. मी माझ्या वाटेला लागते."

काच वर केली.

खटका सैल पडला.

मग बॉनेटखाली... हो, खाली... काहीतरी सरसरलं. कोरडं. गवतासारखं. पत्रा किंचित वाजला. थांबला. पुन्हा सरसरलं. मानहोनं हा आवाज तीस वर्षं रोज ऐकला होता. कुणीतरी काम करत होतं. घाई नव्हती त्याला. व्यवस्थित, सावकाश काम चाललं होतं.

मग बॉनेटवर उघड्या पंजाची थाप. दोनदा.

थप. थप.

झालं, मार सेल्फ. प्रत्येक मिस्त्री अशीच थाप मारतो.

काकूनं किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू. अकरा चोवीस. तिनं मागे पाहिलं नाही, आरशातसुद्धा नाही. उरलेला चढ, शिखर, पलीकडचा उतार, सगळं धुकं, आणि गाडीनं एक आचका दिला नाही. मानहो सगळा वेळ मनात म्हणत होता, पाईप सुटलाय, ही चालूच शकत नाही, ही चालूच शकत नाही.

अकरा अठ्ठेचाळीसला ते तेग्यूच्या इमारतीखाली होते. तो खाली उभा, हातात घड्याळ. शिक्का टॉर्चनं पाहिला. दोन्ही टोकं जिथल्या तिथे, कागदाला सुरकुती नाही. त्याला खरं वाटेना. "बघतोच मी," म्हणाला, आणि स्वतःच्या हातानं पट्टी फाडून बॉनेट उघडलं. आत जे होतं ते त्यानंही पाहिलं. त्यानंतर त्यानं लायसनचा विषय काढला नाही. एक चकार शब्द नाही. पातेलं उचललं, "आई, चल, बाबा ताटकळले असतील," म्हणाला आणि पुढे झाला. जिन्यात त्यानं तिचा हात धरला, आणि तिनं तो धरू दिला. मानहोला सगळ्यात जास्त तेच आठवतं.

काकू आता अठ्ठ्याऐंशीची आहे. परवाच लायसनची परीक्षा पुन्हा पास झाली आणि सोटगोलभर कागद दाखवत फिरली. दर सव्वीस ऑक्टोबरला खिंडीतूनच जाते, त्या वळणावर थांबते, काच दोन बोटं खाली करते. गाडी त्यानंतर तिथे एकदाही बंद पडलेली नाही. बॉनेटखाली नवा मासा तिनं बांधू दिला नाही. गरज नाही म्हणते.

आता उठा. सेहो, टॉर्च घे. कटर पण घे, माझा शब्द आहे, अडवणार नाही. ती नळी बघ, बंबाची. वरच्या टोकाला क्लिप. खाली एक्झॉस्टवर तो काळा ठिपका दिसतो? मानहोची प्लास्टिकची पट्टी, वितळून बसलेली. आणि त्याच्या शेजारी, नळीचं खालचं टोक आवळून धरलेली, तू कापायला निघाला होतास ती.

पेंढ्याची दोरी. पूर्वी वीस-वीस म्योंगते अशा दोरीत ओवून वाळत घालायचे. आता आख्ख्या जिल्ह्यात ही वळणारा माणूस नाही. लाल होणाऱ्या एक्झॉस्टपासून दोन बोटांवर नऊ वर्षं आहे. पेंढाच तो... पहिल्याच दिवशी जळायला हवा होता.

बोट लाव. लाव रे, चावत नाही.

...

ओली ना?

त्या फडक्याला हात पूस. वास जायला दोन दिवस लागतात.